डेमनसाहेब

टॉडमॉर्डनला, कालव्याच्या अंगच्या गल्लीत,
क्लिफर्ड ऑर्मरॉड पियानो लावतात,
आपल्याकडे तंबोरा लावतात तसे, कान देऊन.
वय एक्क्याऐंशी. व्हॅन विकली,
आता बसने जातात, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.
म्हणाले, फेब्रुवारीपासून कुणाला पियानो नकोय.
मेल करतो, उत्तर नाही.
एक डेमन म्हणून गृहस्थ आहेत,
ते मात्र लिहितात, मेल गेल्या मिनिटाला,
मध्यरात्रीसुद्धा.
जरा तुसडेच वाटतात.

मी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
मेलर डेमन. एकशे सदतीस पत्रं.
पाचशे पन्नास. पाचशे पन्नास. पाचशे चोपन्न.
आणि मधेच ऑर्मरॉडनी धाडलेलं उत्तर :
"प्रिय श्री. डेमन, आपली तक्रार मला नीटशी कळली नाही.
आपल्याकडे पियानो आहे का?
असल्यास शेवटचा कधी लावला होता?"

तेही परत आलेलं.

हसू चहात बुडवलं आणि कामाला लागले.
होस्टिंग स्वस्तातलं, एका पत्त्यावर चारशे बिऱ्हाडं.
त्यातल्या कुणीतरी एका रात्रीत
नव्वद हजार लोकांना खोटी घड्याळं विकायला काढली,
काळ्या यादीत पत्ता गेला तो सगळ्यांचाच.
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या
हे इंग्रजीत सांगायला गेले, बैलातच अडकले.
"कळलं," ते म्हणाले,
"माझं लहानपण कातड्याच्या कारखान्यामागे गेलंय.
शाळेत कोणी शेजारी बसत नसे."

मग त्यांच्या नावाने बोलायची परवानगी कुणाला, ते पाहिलं.
एसपीएफच्या ओळी दोन निघाल्या,
एक पुतण्याने घातलेली, एक कंपनीने.
दोन असणं म्हणजे एकही नसणं.
"एका पियानोला दोन ट्यूनिंग फोर्क," ते पुटपुटले,
आणि मला पुढचं समजावावं लागलं नाही.
वेबसाइटचा फॉर्म तर गिऱ्हाइकाच्याच नावाने पत्र पाठवायचा,
म्हणजे बिनदिक्कत खोटी सही.
तो सरळ केला.
डीकेआयएमची लांबलचक किल्ली पॅनेलने मधोमध तोडली,
ती तीनदा चिकटवली.
होस्टिंगवाल्यांना पत्ता बदलून मागितला.
तिकीट सोमवारी टाकलं,
गुरुवारी "कॅलम, सपोर्ट" याने बदललं,
एका ओळीत, नमस्कारसुद्धा नाही.

आता थांबायचं. चार तास, जगभर बातमी पोचेपर्यंत.
पाऊस होताच. बस नव्हती.
त्यांनी मला एका सुराच्या दोन तारा ऐकवल्या,
जवळजवळ सारख्या, पण नाहीत,
म्हणून मधून एक लाट येत राहते, वँव वँव वँव.
"ती मोजायची," म्हणाले, "आणि निजेपर्यंत पिळायचं.
जास्त पिळलं की तार तुटते."
मी मनात डीमार्कची अट एक पायरी सैल केली.

सव्वापाचला चाचणीचा मेल. स्पॅममध्ये.
सहाला पुन्हा. इनबॉक्स.
आतले मथळे उघडले : पास, पास, पास.

जुनी पत्रं पुसू का, विचारलं.
"आधी वाचून दाखव."
कॉर्नहोमच्या आयलीन ग्रीनवुडना, मार्चमधलं :
गुरुवारी दहाला येतो, तोवर मधला सी वाजवू नका,
खुंटी सैल आहे.
गेले होते, दार बंद. रागावल्या असतील असं धरून
परतीच्या बसची वाट पाहिली, पन्नास मिनिटं.
"हेच पाठव," म्हणाले. "फक्त गुरुवार पुढचा घाल."

मी कोट घालतेय तोवर टिंग झालं.
त्यांनी चष्मा न लावताच विचारलं, डेमन?
नाही. ग्रीनवुडबाई.
"मला वाटलं तुम्ही गेलात.
सी अजून वाजवलेला नाही. कुत्रा नवा आहे, सांभाळून या."

पैसे देताना त्यांनी नाणी दोनदा मोजली.
दारापर्यंत आले,
आणि छत्री माझ्या हातात देत, जरा चाचरत :
"आता तो लिहिणार नाही का गं?
बरा आहे ना पण तो?"